बर्फातलं बटण

देशात थंडी किती आहे, हे मोजायचं सरकारने ठरवलं होतं. हवेतली थंडी नव्हे; ती फुकट असते, तिची चौकशी कोण करतो? मोजायची होती ती विकतची थंडी. शेतातून निघालेला मटार, मका, फळं ज्या शीतगृहांत ठेवतात आणि ज्या गार ट्रकांमधून शहरात नेतात, तिथली. ती कुठे खरी आहे आणि कुठे नुसती कागदावर, हे पाहायला काही तपासनीस गावोगाव फिरत होते. त्यांतल्या एकाला सगळे बाटलीवाले साहेब म्हणत. हे नाव ऐकून नवख्या माणसाच्या भुवया वर जायच्या, पण साहेब आयुष्यात चहाच्या पलीकडे गेले नव्हते.

त्यांची बाटली वेगळी. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी भरायचं, ती उभी ठेवून गोठवायची, मग शीतगृहात किंवा ट्रकमध्ये मालाच्या मधोमध उलटी खोचायची. बर्फ वर, मोकळी जागा खाली बुचाकडे. मध्येच थंडी गेली तर बर्फाचं पाणी होऊन बुचाकडे उतरतं, आणि थंडी परत आली की तिथेच गोठून बसतं. मशीनवरच्या आकड्यांवर साहेबांचा विश्वास नव्हता. डिझेल वाचवायला अर्धा रस्ता मशीन बंद ठेवणारा ड्रायव्हर शहर जवळ आलं की ते चालू करतो, आणि आकडा गुणी बाळासारखा जागेवर येऊन बसतो. बाटलीला असलं सोंग जमत नाही.

माणसांना मात्र जमतं. वितळलेली बाटली उभी करून परत गोठवायची आणि उलटी करून होती तिथे खोचायची, एवढी अक्कल कुणालाही असते. त्यावर तोड काढली होती साहेबांच्या बायकोने. आधी थोडं पाणी गोठवायचं, त्यावर तिच्या शिवणाच्या डब्यातलं एक पितळी बटण टाकायचं, मग उरलेलं पाणी ओतून पुन्हा गोठवायचं. बटण बर्फाच्या बरोबर मध्ये अडकतं. एकदा का बर्फ वितळला आणि बाटली उभी केली की ते बूड गाठतं, आणि नंतर कितीही गोठवा, मध्ये काही परत येत नाही. बटण सगळ्यांना दिसायचं. ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर साहेब सांगायचे, माझी बाटली ओळखू यावी म्हणून. खरं काय ते नवरा-बायको सोडून कुणालाच माहीत नव्हतं, पोटच्या मुलीलाही नाही.

आता ते एकट्या साहेबांना माहीत होतं. बायको जाऊन एक हंगाम उलटला होता. साहेब रडले नव्हते. रजा शिल्लक असताना कामावर हजर झाले, तेव्हा कचेरीतले म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसले? त्यांना काही लागतच नव्हतं. चहा गरम होता की निवलेला, हे कप रिकामा झाला तरी कळत नसे. गोठवणीच्या खोलीत पूर्वी त्यांची बोटं बाटलीला हात लावताच झोंबायची; आता ते हातमोजे न घालताच बाटली उचलत. बोटांना काही वाटत नसे, आणि वाटत नाही याचंही साहेबांना काही वाटत नसे.

एका गोष्टीची तेवढी त्यांना काळजी होती. घरच्या फ्रीजरमध्ये एक डबा होता. साहेब दौऱ्यावर निघाले की बायको त्यांच्या परतीच्या जेवणासाठी काहीतरी करून डब्यात गोठवून ठेवायची. ती गेली तेव्हाही साहेब दौऱ्यावरच होते. त्यामुळे फ्रीजरमधला तो शेवटचा डबा आपल्यासाठी आहे, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांनी तो उघडला नाही, खाल्ला नाही, आणि मुलीलाही हात लावू दिला नाही. त्याच्या शेजारी त्यांनी एक बाटली उलटी ठेवली होती, बटणासकट. दौऱ्यावरून आले की बूट काढायच्या आधी ते फ्रीजर उघडून पाहत.

त्या आठवड्यात ते एका मटाराच्या शीतगृहात होते. आसपासच्या सगळ्या शेतकऱ्यांचा सोललेला मटार तिथे गोठवून ठेवलेला. मालक गोरा, गुबगुबीत, बोलण्यात गोड. मागच्या फेरीत ठेवलेली बाटली त्याने स्वतः आणून साहेबांच्या पुढे धरली. बर्फ वर होता, बुचाकडे थेंब नव्हता. पण बटण बाटलीच्या बुडाला टेकलेलं होतं.

साहेबांनी विचारलं, वीज कधी गेली होती? मालकाने आधी कानांवर हात ठेवले, मग कपाळ पुसलं, मग खुर्चीत बसला. ट्रान्सफॉर्मर जळला होता, जनरेटरने ऐन वेळी दगा दिला, आणि सगळा माल घामेजून परत गोठला होता. शेतकऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून तो मूग गिळून बसला होता. मटार अजून हिरवागार दिसतो, शिजवल्यावर कुणाला कळणार आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. साहेबांनी शांतपणे नियम सांगितला. एकदा उबेला येऊन परत गोठलेला माल माणसाच्या पोटात जायचा नाही. त्यांनी शीतगृह नापास केलं. एरवी अशा वेळी शिक्का मारायच्या आधी ते कागद दोनदा वाचायचे, आणि रात्री बायकोला सगळं सांगत बसायचे. या वेळी शिक्का मारताना टेबलावरच्या माशीकडे त्यांचं जास्त लक्ष होतं.

निघताना मालक दारापर्यंत आला. रागावला नव्हता, नुसता थकला होता.

"साहेब," तो म्हणाला, "तुमच्या घरची वीज कधी जात नाही का हो?"

साहेब संध्याकाळी घरी पोहोचले. मुलीने दार उघडलं. आई गेल्यापासून ती नोकरीचं गाव सोडून बापाजवळ येऊन राहिली होती. आज ती जरा जास्तच बोलत होती. प्रवास कसा झाला, बॅग इकडे द्या, आधी चहा घ्या, हात-पाय धुवा, असा तिने धोशाच लावला. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. ते बुटांसकट स्वयंपाकघरात गेले.

डबा जागेवर होता. बाटली उलटी होती आणि बर्फ वर होता. बटण बुडाला टेकलेलं होतं.

साहेब बाटली हातात धरून उभे राहिले. मागे मुलगी श्वास रोखून उभी होती. इतकी वर्षं लोकांनी त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायचा प्रयत्न केला होता, आणि प्रत्येकाला त्यांनी तिथल्या तिथे पकडलं होतं. आता नुसतं विचारायचं होतं, वीज कधी गेली होती? त्यांना ते विचारता येईना.

"ठीक आहे," ते म्हणाले आणि बाटली परत ठेवली. मग डबा बाहेर काढला. "आज हे जेवू या."

असं का केलं, हे त्यांना तरी कुठे कळत होतं? त्यांनी पातेल्यात नळाचं पाणी घेऊन त्यात डबा ठेवला आणि टेबलाशी बसले. मुलगी समोर बसली. डब्यावरचा पांढरा बर्फ निथळायला लागला. मुलीचा चेहरा उतरत गेला. साहेबांनी चमचा घ्यायला हात पुढे केला, तशी तिने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, ते खाऊ नका. फ्रीज बंद पडला होता."

साहेबांनी हात मागे घेतला नाही.

"पडला नव्हता, मीच बंद केला," ती म्हणाली. "तुमचे शर्ट इस्त्री करायला प्लग काढला आणि परत लावायचा राहिला. दुसऱ्या दिवशी खाली पाणी आलं तेव्हा कळलं. मग मी बाटली पुन्हा तशीच करून ठेवली. तुम्हाला सांगायची हिंमतच होईना."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले.

ती रडायला लागली. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात, हे आठवलं म्हणून ठेवला. मग दुसऱ्या हाताने झाकण काढलं. आत मटाराचं सूप होतं. कडेने सुटलेलं, मध्ये अजून गोठलेलं. आंबूस वास आला. हा डबा टाकायचा, यात शंकाच नव्हती. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांनी तो कधीच टाकायला लावला असता. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ नाही यात," ते म्हणाले. त्यांना ते विचित्र वाटलं. तिच्या हातून मीठ कधी राहिलं नव्हतं.

मुलीने डोळे पुसले. "मग तो तुमचा नव्हे बाबा. तो आईचा आहे. डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं होतं ना? ती आधी स्वतःपुरतं काढून घ्यायची, मग तुमच्यात मीठ घालायची. जास्तीचं गोठवून ठेवायची, एखाद्या दिवशी ओट्याशी उभं राहवलं नाही तर असावं म्हणून."

"माझ्या समोर बसून हेच जेवायची?"

"तुमच्याच बरोबर. वर्षभर. मला फोनवर सांगायची."

साहेबांना टेबल आठवलं. तिचं ताट आठवलं. ते जेवताना शीतगृहांच्या गोष्टी सांगायचे, कुणाला कसं पकडलं ते सांगायचे, आणि ती हसून ऐकत घास घ्यायची. तिच्या ताटातलं त्यांनी एकदाही चाखलं नव्हतं. देशभराच्या डब्यांत आणि खोक्यांत बोट घालून पाहणारा माणूस, समोरच्या ताटात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ती गेल्यावर तिच्या आजारपणाचं अन्न आपल्यासाठी राखलेलं समजून तो त्यावर पहारा देत बसला होता.

मुलगी डबा उचलायला आली. साहेबांनी तिला थांबवलं आणि तो दोन्ही हातांत घेतला. मधला गोळा अजून टणक होता. डबा त्यांनी घट्ट धरला आणि एकाएकी त्यांची बोटं झोंबली, मग तळवे, मग ती कळ पार कोपरापर्यंत चढली.

"किती गार आहे गं हे," साहेब म्हणाले. डबा खाली ठेवणं त्यांना सुचलं नाही, आणि ते ओक्साबोक्शी रडायला लागले.