आठ दिवसांची मुदत

वंदना मेश्राम हिंगण्याच्या एका मसाला कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. सोमवारच्या पाहणीत तिला दिसलं, की दळणाच्या यंत्राच्या पट्ट्यावरची जाळी कोणीतरी काढून ठेवली आहे. तिने नोंद केली, धोका ‘मध्यम’ ठरवला आणि जाळी बसवायला आठ दिवसांची मुदत दिली. सणाची ऑर्डर होती. यंत्र थांबवा म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

शुक्रवारी त्या यंत्रावर काम करणाऱ्या रुपरावांचा उजवा हात त्या पट्ट्यात ओढला गेला. कोपरापासून कापावा लागला.

महिनाभराने ती हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेली. रुपराव मुलीच्या वहीत डाव्या हाताने स्वतःचं नाव गिरवत बसले होते.

“मॅडम, तुमची चूक नाही,” ते म्हणाले. “तुम्ही तं लिहून ठेवलं होतं.”

चहा घेऊन आलेली त्यांची बायको सिंधूबाई दारातच थबकली.

“म्हणजे तुमाले आधीच मालूम होतं? मंग मशीन काहून नाही बंद केली?”

वंदना ‘मध्यम’ धोक्याला मुदत देता येते हा नियम सांगणार होती, पण तिला ते बोलवेना.

“बंद करू शकत होती मी,” ती म्हणाली. “नाही केली.”

सिंधूबाईने चहा तिच्यासमोर ठेवला आणि पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या यंत्राचं झाकण सैल दिसताच वंदनाने आधी बटण दाबून यंत्र थांबवलं. मॅनेजर धावत आला, ओरडला. झाकण बसेपर्यंत ती तिथून हलली नाही. तिचे डोळे मात्र सारखे भरून येत होते.