सुघराआपांची स्वच्छ सुई

तौकीरचा पेला वेगळा झाला, ताटली वेगळी झाली, टॉवेलसुद्धा दाराबाहेरच्या खिळ्यावर गेला. आमच्या सियालकोटच्या गल्लीत कुणाला काळी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस सी निघाली, की लोकांना आधी हेच सुचतं. पोरगा फुटबॉल शिवणारा, धडधाकट. मावसभावाला रक्त द्यायला गेला, आणि तपासणीत हे निघालं. ईदनंतर अरूसाशी लग्न ठरलेलं!

त्याची आई सुघराआपा घरभर फेऱ्या मारत होत्या. बसवेना, उभं राहवेना.

"खरं सांग, त्या नशेबाज पोरांबरोबर सुया टोचून घेतल्यास ना?"

"अम्मी, मी साधी सिगरेट ओढत नाही!"

"मग न्हाव्याचा वस्तरा! मेल्याला किती वेळा सांगितलं, पातं बदल म्हणून."

"असेल. डॉक्टरांना विचारू तरी."

"हळू बोल! अरूसाच्या घरी कळलं तर लग्न मोडतील."

शेवटी तोंड लपवत दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टर निगहतनी विचारलं, "इंजेक्शनं कुठे घेता?"

आपांची मान ताठ झाली. "बाजारातल्या त्या भोंदू डॉक्टरकडे आम्ही पाऊल टाकत नाही. सगळ्यांना तीच सुई टोचतो मेला! माझी स्वतःची सिरिंज आहे. दर वेळी कढत पाण्यातून काढते. घरात ताप, अशक्तपणा, काही असो, मीच ताकदीची सुई देते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही देते."

"सगळ्यांना एकच?"

"घरचीच तर माणसं! दर वेळी नवी कशाला?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आपा, पेला वेगळा केलात आणि सुई एकच ठेवलीत! उष्ट्या पेल्यातून हा रोग जात नाही. एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेलं की जातो. डोळ्यांना दिसणारही नाही, इतकं थोडं पुरतं. कढत पाण्याचा काही भरवसा नाही."

"मग ताकद कशी येणार हो?"

"डाळ-भाजी खाऊन! पण आम्ही सुई टोचली नाही तर तुम्हीच म्हणता, हा कसला डॉक्टर."

तौकीर पुटपुटला, "मी मरणार का?"

"छे! काही महिने गोळ्या घे. बहुतेक सगळे बरे होतात. मला काळजी आहे ती माहीत नसलेल्यांची. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, आणि आतून यकृत खराब होत जातं. आपा, कुणाकुणाला सुई दिलीत?"

आपांना अरूसा आठवली. गेल्या हिवाळ्यात तिला चक्कर येत होती. होणारी सून म्हणून कौतुकाने, याच हातांनी तिला सुई दिली होती! सांगावं, तर लग्न गेलं आणि गल्लीतली इज्जतही. न सांगावं, तर ती पोर आतल्या आत पोखरली जाईल.

परतीच्या रिक्षात त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. घराचं वळण आलं, तशा त्या ओरडल्या, "घरी नको! अरूसाकडे घे!"

दारातच त्यांनी सगळं सांगून टाकलं. अरूसाची आई भडकली. "माझ्या लेकीला विष टोचलंत? वर लग्नाला तोंड वर करून येणार होतात?"

"लग्न मोडा," आपा रडत म्हणाल्या, "पण आधी पोरीचं रक्त तपासा!"

अरूसाने बाहेर जायची चादर डोक्यावरून ओढून घेतली. "अम्मी, भांडण परत आल्यावर कर. आधी दवाखान्यात चल."

तिलाही निघाली. वेळीच कळलं म्हणून गोळ्या सुरू झाल्या. लग्न अजून अधांतरीच आहे, पण अरूसा बरी होणार आहे. आपा आता सुई दिलेल्या घरोघरी जाऊन सगळं सांगतात. कुणी शिव्या घालतं, कुणी तोंडावर दार लावतं. तरी रोज कुणी ना कुणी तरुण पोर रक्त तपासून घ्यायला जातं.

मंडळी, आपल्या माणसाची म्हणून सुई स्वच्छ होत नसते! गरज असेल तरच सुई घ्या, तीही डोळ्यांसमोर पाकीट फोडलेली. आणि चूक झालीच असेल, तर अब्रूला कवटाळून बसू नका. जा, सांगा! आपांनी तोंड मिटून ठेवलं असतं, तर अरूसाला कधी कळलं असतं?