मास्तरांच्या हृदयाची आकृती

उभा जन्म पोरांच्या आकृत्यांवर लाल फुल्या मारण्यात घालवलेल्या भूमितीच्या मास्तरांची स्वतःच्या हृदयाची आकृती चुकली. चूक काढली ती घरच्या सुनेने.

सून इस्पितळाच्या स्कॅन विभागात होती. हृदयाचा ठोका पडताना त्याची चित्रं घ्यायची, प्रत्येक चित्रात डाव्या कप्प्याची कड आखायची, आणि ती कड कशी आक्रसते नि फुगते यावरून हे हृदय कुठल्या गटातलं ते संगणकाने सांगायचं, असं तिचं काम. लहानमोठेपणा सोडायचा, तिरकेपणा सोडायचा. उरेल तो आकार. मास्तरांनी हे ऐकून, हा तर आठवीतला समरूपतेचा धडा, याला पगार देतात होय, असं विचारलं होतं.

आज तपासणीसाठी स्वतः यंत्रात गेल्यावर त्याच धड्यात ते नापास झाले होते. संगणकाने त्यांना ‘भिंत नीट हलत नाही’ या गटात टाकलं. म्हणजे हृदयाचा एक कोपरा बहुधा कामातून गेलेला. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कपाटाची किल्ली कुठे ठेवली हे बायकोला सांगायचं राहून गेलंय, एवढंच त्यांना सुचलं.

सून मात्र चित्रं पुन्हा पुन्हा फिरवत बसली होती. मग तिने पडद्यावर हृदयाच्या खाली बोट ठेवलं. तिथे यकृताची कडही डगमगत होती, आणि यकृताला तर ठोके नसतात; ते हलतं श्वासाने.

“बाबा, श्वास रोखा म्हटल्यावर तुम्ही काय करत होतात?”

“रोखत होतो.”

“लगेच?”

“लगेच म्हणजे... आधी ‘बरं’ म्हणायचो. यंत्रातली ती मुलगी एवढं अदबीनं सांगतेय, तर उत्तर नको द्यायला?”

“दर वेळी?”

“मग काय, एकदाच? लोक काय म्हणतील.”

सुनेने कपाळाला हात लावला, पण तिचा चेहरा मघापेक्षा पुष्कळ सैल झाला होता.

मास्तरांना पुन्हा यंत्रात सरकवलं. कानात आवाज आला, श्वास रोखा. ‘बरं’ घशापर्यंत आलं. मास्तरांनी ते औषधासारखं गिळलं. पुन्हा आवाज, पुन्हा गिळलं. एवढा उद्धटपणा त्यांनी जन्मात केला नव्हता.

या खेपेला कड गोल आक्रसली, गोल फुगली. यकृत गप्प होतं. संगणकाने मुकाट्याने मास्तरांना निरोगी लोकांत बसवलं.

“पास झालात, बाबा. घरी चला,” सून म्हणाली.

मास्तरांनी यंत्र खरंच बंद आहे ना, ते आधी वळून पाहून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले.