उंबऱ्याचा तपास

"कुठला पाय अरकला ता सांग गो आधी. डावा का उजवा?"

आवडाबाई उंबऱ्यावर आडवी पडली होती, अर्धी घरात आणि अर्धी ओटीवर. आणि तिचा नवरा महिपत, तिला उठवायचं सोडून, पायांशी उकिडवा बसून चौकशी करत होता.

"आधी उठव मना," ती म्हणाली. "मंग बघ दोन्ही पाय. कुठं पलून नाय जायाचं ते."

हाडं शाबूत होती. महिपतची जरा निराशाच झाली, कारण मोडलेल्या हाडावरून काहीतरी निदान करता आलं असतं. ते साल अठराशे ब्याऐंशी असावं. महिपतचा जन्म कळव्याच्या मिठागरात गेला होता, आता काम सुटलं होतं आणि चौकस स्वभाव तेवढा शिल्लक राहिला होता. खेकडा तिरका का चालतो हे पाहायला तो एकदा दुपारभर बांधावर बसला होता. शेवटी खेकडाच कंटाळून बिळात गेला.

आवडाबाईचं पडणं मात्र खेकड्यासारखं सोडून देण्यातलं नव्हतं. ती गावची सुईण. कळव्यात चाळिशीच्या आतलं जे कोणी होतं, त्याच्या पाठीवर पहिली चापट तिची. पण मागे ती सखुबाईच्या घरी बाळंतपणाला गेली आणि भर उंबऱ्यात पडली. पोर सुखरूप झालं, तरी गाव कुजबुजलं, की सुईण उंबऱ्यात पडली म्हणजे शकुन बरा नाही. पुढच्या बाळंतपणाला लोकांनी खाडीपलीकडून, ठाण्याहून सुईण आणली. त्या दिवशी आवडाबाई नुसती भात कांडत बसली. उखळ फुटलं नाही हे उखळाचं नशीब.

"आये, आता घरान बस," मुलगा रघू म्हणाला. "लय पोरं काढलीस."

"घरान बसून काय करू? तुला परत काढू?"

विश्राम भगताने कौल लावला. उंबऱ्यातली लक्ष्मी रुसली आहे, तेव्हा येता-जाता वाकून डोकं टेकायचं. आवडाबाई मनोभावे डोकं टेकू लागली आणि पहिल्यापेक्षा जास्त पडू लागली. भगत म्हणाला, "बघा, केवढी रुसलीय ती."

मग महिपतने तपास हाती घेतला. पहिला संशय सारवणावर. ओल्या सारवणावरून तो स्वतः चालला आणि सपशेल आपटला. गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात तो पडल्या पडल्या हसला, पण दुसऱ्या दिवशी आवडाबाई कोरड्या जमिनीवर पडली. मग लुगडं. ते गुडघ्याशी खोचलेलं, म्हणजे निर्दोष. मग डोळे. तांदळातला खडा तिला ओटीवरून दिसायचा आणि नवऱ्याच्या मनातला तर त्याहून लांबून.

शेवटी तो ओटीवर ठाण मांडून नुसता बघत राहिला. डोक्यावर हंडा घेऊन ती आत गेली, पडली नाही. सुनेशी भांडत तरातरा बाहेर आली, पडली नाही. मग रिकाम्या हाताने आली, वाकली, डोकं टेकलं, उठता उठता पाय उचलला, आणि तिचा हात हवेत काहीतरी धरायला गेला. महिपत तिथेच होता म्हणून सावरली.

"सापरला," तो म्हणाला. "तू पडतेस ती पाया पडून उठताना. खाली वाकलीस का तुला घेरी येते. नको वाकू."

तो उद्यापासून पाद्री होणार असल्यासारखं ती त्याच्याकडे बघत राहिली. "बालंतिनीच्या घरान जायाचं नि उंबऱ्याला हात पन नाय लावायचा? मी सुईन हाय का चोर?"

"मंग कवाडाला दोर टांगू. धरून वाक."

"दोर बालंतिनीला धराया टांगतात, रघ्याच्या बापा. या वयान मना काय व्हायचंय?"

तपास तिथे थांबला.

आणि एका दुपारी सहदेव धावत आला. त्याची सून रात्रीपासून अडली होती. ठाण्याच्या सुईणीला निरोप गेला होता, पण खाडीला ओहोटी लागलेली.

"मावशे, चल."

"माज्या शकुनाचं काय?"

"शकुन होडीन बसलाय, मावशे. नि होडी चिखलान."

आवडाबाई उठली. मागोमाग महिपत, आणि त्याच्यामागे निम्मं गाव. सहदेवाचा उंबरा चांगला उंच, सागाचा, सकाळचं हळदकुंकू ल्यालेला. आतून पोरीचं कण्हणं येत होतं. आवडाबाई उंबऱ्यापाशी थांबली. आता ती पडली असती तर तिला पुन्हा कोणी बोलावलं नसतं, आणि आतल्या पोरीला दुसरे हात नव्हते. महिपतने हात पुढे केला. तिने तो पाहिला आणि घेतला नाही.

ती खाली बसली. उंबऱ्यावर डोकं टेकलं, घाई न करता. आणि मग उठलीच नाही. दोन्ही हात आत ठेवले, एक गुडघा उंबऱ्यावर घेतला, मग दुसरा, आणि गावची सुईण रांगत आत गेली.

कोण हसतं ते बघायला महिपत सवयीने मागे वळला. अंगणात उभे होते त्यांतले बहुतेक तिच्याच हातावर जन्मले होते. कोणी हसलं नाही. एकदोघे जमिनीकडे बघत होते.

आतून आवाज आला, "बघत काय ऱ्हायल्यात? पानी तापवा."

सहदेव पळाला.

भरती लागायच्या आत पोर रडलं. महिपत तेव्हाही उंबऱ्याकडेच बघत होता. गुडघ्यांनी कुंकू पुसलं गेलं होतं आणि त्याचा एक लांब पट्टा घरात ओढला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेवाची बायको उंबरा पुसायला फडकं घेऊन आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि त्या पट्ट्याला हात लावून, तो कपाळाशी नेऊन, तशीच आत गेली.