नोंद ठेवावी की काढावी

घरचे ग्रंथपालांना 'न्यायाधीश' म्हणून चिडवत. सुट्टीच्या दिवशी ते संगणकापुढे ठाण मांडून बसायचे आणि ऑनलाइन ज्ञानकोशात कुणाची नोंद ठेवायची, कुणाची काढायची, त्या वादांचा निकाल लावायचे.

त्या रविवारी वाद होता एका रसायनशास्त्रज्ञ बाईंचा. कारखान्याचं विष नदीत उतरतंय, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. शोधनिबंध होते, वर्तमानपत्रांनी दखल घेतली होती. 'ठेवण्याकडे माझा कल आहे,' असं ग्रंथपालांनी सकाळीच चर्चेत लिहून टाकलं होतं.

दुपारी बाईंची ईमेल आली: तातडीने बोलायचंय. ग्रंथपालांनी नंबर कळवला आणि लगेच फोन वाजला.

"नोंद काढून टाका. मी दखल घेण्याजोगी नाही, असं लिहा."

"अहो बाई, पण तुमचं काम तर..."

"कामाचं राहू द्या. कारखानेवाल्यांच्या धमक्यांमुळे मी गाव सोडून लपून राहतेय. तुमच्या पानावर कुणीतरी माझा फोटो टाकलाय, मी आता शिकवते त्या नव्या शाळेचं नावसुद्धा. काल फाटकाशी एक माणूस तोच फोटो शिपायाला दाखवत होता."

ग्रंथपालांनी फोन ठेवला.

"काय झालं हो? चेहरा पांढराफटक पडलाय!" बायकोने विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

"मग काढा की! त्यांनीच सांगितलंय ना?"

"विनंतीवरून काढली असं लिहिलं, तर शोधणाऱ्याला कळेल, शाळा बरोबर आहे."

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं लिहिलं: 'पुरेशी दखल आढळत नाही. नोंद काढली.'

दहा मिनिटंही झाली नसतील. एका अनोळखी सदस्याचा निरोप आला: 'सकाळी तर ठेवणार होतात. मधे तुमच्याशी कोण बोललं?'

ग्रंथपालांनी लगेच बाईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. बायको शेजारी येऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कुठे तो उचलला गेला.

"बाई, शाळेत परत जाऊ नका!"

"निघालेय मी. बसमध्ये आहे. उतरणार कुठे, ते..."

"नका सांगू," ग्रंथपाल घाईघाईने म्हणाले. "मलासुद्धा नका सांगू."

फोन ठेवून ते उठले आणि भर दुपारी त्यांनी दाराची कडी लावून घेतली.