दुसऱ्या मजल्यावरचा केदार

केदार पंधरा वर्षांचा झाला तरी त्याची आई शरयू त्याला कडेवर घेऊनच जिना चढायची. त्याच्या पायांतली ताकद लहानपणापासून हळूहळू गेली होती. थाटीपुरचं सरकारी क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, आणि नवरा श्रीपाद बदलीवर दुसऱ्या गावी, भिंडला. यायचा तो फक्त रविवारी.

केदारला व्यायाम द्यायला येणाऱ्या गरिमाने एकदा शरयूची चाल पाहिली. "काकू, तुम्ही डुलत चालताय. जरा एका पायावर उभ्या राहा बघू."

शरयू उजव्या पायावर उभी राहिली, तशी तिची कंबर डावीकडे खाली गेली. भिंत धरली म्हणून सावरली.

"खुब्याचे स्नायू थकलेत तुमचे. एक पाय उचलला की तोल तेच सांभाळतात. ते थकले की पाऊल भलतीकडेच पडतं. दमल्यावर केदारला एकटीने उचलू नका."

"मग कोण उचलणार?" शरयूने विचारलं.

दहावीची परीक्षा आली तेव्हा तळमजल्यावरचा मधु केदारला जिन्यावरून न्यायला-आणायला तयार झाला. पहिले दोन पेपर नीट पार पडले.

गणिताच्या दिवशी शरयू शाळेच्या फाटकाबाहेर पेपर सुटेपर्यंत उभीच होती. दोघं घरी आली तर मधुच्या दाराला कुलूप. फोनवर तो म्हणाला, "भाभी, जाम में फँसा हूँ, बस दस मिनट."

"आई, मला नाही थांबता येणार," केदार म्हणाला. "शाळेत बाथरूमला गेलोच नाही. जल्दी कर ना."

तिने त्याला उचललं. पहिला मजला झाला. वळणावर उजवा खुबा पेटल्यासारखा दुखू लागला. तिने डावा पाय उचलला, कंबर एकदम ढासळली आणि पाऊल पायरीच्या कडेला अडकलं. त्याला छातीशी धरून ती पाठीवर पडायला गेली, पण तेवढंही शरीराने ऐकलं नाही. केदार खाली, ती वर.

त्याच्या मांडीचं हाड मोडलं. उरलेले पेपर गेले.

"दहा मिनिटं थांबली असतीस तर!" श्रीपाद दवाखान्यातच ओरडला.

"बाबा, मीच म्हटलं होतं तिला," केदार म्हणाला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी आणल्यावर तो पलंगावरच असायचा. काही दिवसांनी गरिमा आली. त्याचे ओठ फुटलेले पाहून तिने विचारलं, "पाणी पितोस ना?" शरयूने उशाचा तांब्या पाहिला. सकाळी भरलेला तसाच होता.

गरिमा गेल्यावर ती ग्लास घेऊन त्याच्याजवळ बसली. "पी."

"तहान नाही."

"केदार."

"प्यालो तर तुला फिर उठाना पड़ेगा."

तिने त्याच्या मानेखाली हात घातला आणि ग्लास ओठांना लावला. त्याने दात घट्ट आवळून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून उशीत गेलं.