न्हाणीतला दिवा

उमरीजवळच्या गायरानावर पूरग्रस्तांची छावणी उभी राहिली, तेव्हा बायकांच्या न्हाण्या-संडासांचा आराखडा मीच काढला. मी विशाखा, लातूरची आर्किटेक्ट. आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज. चारी बाजूंनी पांढरी ताडपत्री, दाराला आतून कडी आणि आत मोठा बल्ब. अंधाराचा फायदा घेऊन कुणी बायकांवर हात टाकू नये, म्हणून उजेड.

तर तो बल्ब रोज दिवेलागणीला फुटायचा. असे सहा दिवस झाले.

"गावच्या डोहातल्या साती आसरा, त्या पान्यातल्या बाया, आपल्यासंगं आल्यात," छावणीतली पारूबाई म्हणाली. "त्यास्नी उजेड खपत न्हाई."

तिची बारा वर्षांची नात, अक्षरा, तापानं फणफणली होती. तिथं जावं लागू नये म्हणून पोरगी दुपारपासून पाण्याचा घोटही घेत नव्हती. डॉक्टरांनी मलाच झापलं. आणि ही म्हणे आसरा! माझं डोकंच फिरलं. सातव्या दिवशी नवा बल्ब बसवला आणि स्वतःच आत जाऊन कडी लावली.

बाहेर समोरच्या बांधावर पुरुषमंडळींच्या गप्पा रंगल्या होत्या. मी बटण दाबलं आणि गप्पा एकदम थांबल्या.

उकडत होतं. केस वर बांधायला मी हात उचलले. बाहेर कुणीतरी खाकरलं. हात खाली घेतले, तर सगळं शांत. पुन्हा उचलले, पुन्हा खाकरणं, या वेळी दोघांचं. ताडपत्री इंच न् इंच चाचपली, एक भोक सापडेना. मी वाकले की कुणीतरी हसायचं, सरळ झाले की हसू थांबायचं. मी बंद खोलीत होते आणि कुणाला तरी पुरती दिसत होते.

तेवढ्यात मागच्या ताडपत्रीवरून एक बांबू सरकत आत आला आणि बल्बवर बसला.

"भाईर ये, माय," अंधारात पारूबाईचा आवाज आला. "आतल्या दिव्यानं बाईची सावली ताडपत्रीवर पडती. बांधावरनं समदं दिसतंय."

"मग सांगायचं ना! आसरांचं नाव कशाला?"

ती बांबू उचलून आपल्या तंबूकडे वळली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढून पत्रे ठोकले आणि दिवा बाहेर, दारावर लावला, बांधाकडे तोंड करून.

संध्याकाळी बटण दाबलं तसा बांध लख्ख उजळला. रोजच्या सवयीनं येऊन बसलेल्या आठ-दहा जणांनी डोळ्यांवर हात धरले. परका एकही नव्हता. दिवसभर माझ्यासोबत पत्रे धरणारे, ताई ताई म्हणणारेच सगळे. एकेक जण उठून गेला. एक मात्र मान खाली घालून बसून राहिला. पारूबाईचा धाकटा लेक होता तो, अक्षराचा सख्खा काका.

शेजारी उभ्या पारूबाईकडे बघवेना. मी दिवा बंद करायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पोटचा हाय. तोंडानं नाव निघंना, म्हून आसरा म्हनले."

"बंद करू का?"

"न्हाई. ऱ्हाऊ दे. त्यो उठंस्तोवर मी हितंच बसते."

आणि ती दाराशी, लेकासमोर, उजेडात बसली.